रुसव्याचा ओटा

मे महिन्यातली रात्र होती. साडेअकरा होऊन गेले होते. दिवसभर नाशिक कितीही तापलं तरी रात्री वाऱ्याला गोदेकडचा गारवा लागतो, म्हणून आम्ही शरणपुरातली जुनी माणसं त्या दिवसांत दार उघडं टाकून ओट्यावर बसतो. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलो, तर ओट्याच्या कडेला भाचा बसलेला. चपला पायातच. कधी आला, ठाऊक नाही. हाक मारली नव्हती की कडी वाजवली नव्हती.

"जेवलास?"

"नाही, मामा."

"घरी सांगून आलायस?"

तो समोरच्या दिव्याकडे बघत राहिला. मी आत जाऊन वरणभात कालवला, लोणच्याची फोड ठेवली, ताट आणून त्याच्या शेजारी ठेवलं. तो जेवला. त्या रात्री आम्ही दोघं मिळून दहा वाक्यंही बोललो नसू.

सकाळी ताईचा फोन आला तेव्हा कळलं, बापलेकांत नऊ दिवस अबोला होता. कारण विचाराल तर एवढंसंच. डिप्लोमाचे दोन विषय राहिले होते. पोराला जुनी मोटारसायकल घेऊन डिलिव्हरीचं काम धरायचं होतं. पानावर बसलेला असताना दाजी म्हणाले, "आधी खाल्लेल्या अन्नाला जाग." तो भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून तो घरात असून नव्हता. ताई ताट वाढून ठेवायची, रात्री सगळे झोपल्यावर तो दोन घास खायचा किंवा तेही नाही.

दाजी वाईट माणूस नाहीत. बावीस वर्षं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर, त्यातली शेवटची सहा कंत्राटावर. घरात पैसा आणणारा एकटा हात, त्यामुळे घरातला प्रत्येक नकारही त्याच एका तोंडून यायचा. मला त्यांचा राग आला नाही. मला भीती वाटली.

भीतीचं कारण सांगतो. त्याआधी तीन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीतला एक मुलगा गेला. एकोणीस वर्षांचा. रविवारी उपासनेला यायचा, पण आत बसायचा नाही. कंपाउंडच्या भिंतीवर पाय सोडून बसायचा. गायनवर्गाचं पहिलं गीत सुरू झालं की मोबाइल खिशात टाकायचा, म्हणजे ऐकत असावा. मी तरुण संघाचं काम बघणारा माणूस. जाता-येता त्याला पाहायचो. एका रविवारी मी "सलाम" म्हटलं, त्याने मान हलवली, मला उशीर होत होता म्हणून मी आत गेलो. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच्या मातीला गेलो. वडिलांशी काहीतरी वाजलं होतं, असं लोक बोलत होते. कशावरून, ते वडिलांना स्वतःलाही नीट आठवत नव्हतं. ते एकेकाचा हात धरून विचारत होते, "मी काय म्हटलो होतो हो त्याला? तुम्हाला काही बोलला होता का?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शिक्षक आहे, उत्तर नसलं की पुस्तकांकडे जायची सवय. त्या महिन्यांत मी हाताला लागेल ते वाचत होतो, आणि त्या वाचनात मला ती बेटं सापडली.

पॅसिफिक महासागरात, ग्वामच्या आग्नेयेला, चूक नावाची बेटं आहेत. यातला 'च' चहातला. तिथल्या भाषेत या शब्दाचा अर्थ डोंगर. प्रवाळाच्या मोठ्या कड्याने वेढलेलं खाजण, त्यातून वर आलेले हिरवे डोंगर, नीरफणसाची झाडं, आणि पाण्याच्या तळाशी फेब्रुवारी १९४४ च्या अमेरिकन हल्ल्यात बुडालेली जपानी जहाजं. जुन्या नकाशात नाव ट्रक. आज ती मायक्रोनेशियाच्या संघराज्यात आहेत, वस्ती साधारण पन्नास हजारांची. आपल्या नाशिकच्या एखाद्या उपनगराएवढी माणसं.

या बेटांवर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तरुण मुलगे आत्महत्या करू लागले. एक नाही, दोन नाही, वर्षागणिक वाढत गेलेले. १९८० च्या आसपास तिथल्या पंधरा ते चोवीस वयाच्या मुलग्यांमधलं हे प्रमाण जगातल्या सर्वांत चढ्या प्रमाणांत मोजलं जात होतं. युद्ध नव्हतं, दुष्काळ नव्हता. उलट अमेरिकेचा पैसा येत होता, शाळा निघत होत्या, सरकारी नोकऱ्या मिळत होत्या.

तिथे फ्रान्सिस हेझेल नावाचे एक जेझुइट धर्मगुरू होते. १९६३ साली ते झेवियर हायस्कूलमध्ये शिकवायला म्हणून आले. पुढे मायक्रोनेशियन सेमिनार या चर्चच्या संस्थेचं काम त्यांनी कित्येक वर्षं सांभाळलं. मुलं जाऊ लागली तेव्हा त्यांनी जे केलं, ते मला आजही थांबवून धरतं. आत्महत्या पाप आहे, एवढं प्रवचन देऊन ते मोकळे होऊ शकले असते, शतकानुशतकं चर्चने तेच केलं. काही ठिकाणी अशा मृतांना दफनाचा विधीसुद्धा नाकारला. हेझेल घराघरांत जाऊन बसले. गेलेल्या एकेका मुलाची गोष्ट त्यांनी आईबापांकडून, भावंडांकडून ऐकली आणि टिपली. डोनाल्ड रुबिनस्टाइन हे मानवशास्त्रज्ञही याच प्रश्नावर काम करत होते. शेकडो गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं ते असं: बहुतेक मुलं आईवडिलांशी किंवा मोठ्या भावाशी झालेल्या एखाद्या छोट्या गोष्टीनंतर गेली होती. कुठे थोडे पैसे मागितले आणि मिळाले नाहीत. कुठे जेवणावरून बोलणं झालं. कुठे मोठ्याने चारचौघांत झापलं.

चूकच्या भाषेत याला एक शब्द आहे, आमवुनुमवुन. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना तो समजावून सांगायला परिच्छेद लागतो. मला एका क्षणात कळला. ज्याच्यावर उलट बोलता येत नाही अशा आपल्या माणसाने मन दुखवलं की त्याच्यापासून बाजूला व्हायचं, बोलणं टाकायचं, जेवण टाकायचं, स्वतःला त्रास करून घ्यायचा, म्हणजे त्याला कळेल की किती लागलं. अहो, हा तर रुसवा. आपल्या घराघरातला. रामायणात कैकेयी कोपभवनात जाते तो हाच, आणि लेकरू पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून झोपतं तोही हाच. रुसण्यामागे प्रेम धरलेलं असतं. परक्यावर कोणी रुसत नाही. आणि रुसणाऱ्याचा अर्धा जीव पांघरुणातून कान लावून असतो, की कोणीतरी येईल, पाठीवर हात ठेवील, म्हणेल, "चल, ऊठ, जेवून घे."

आमवुनुमवुन चूकमध्ये पूर्वापार होता. मग तो मुलांचा जीव १९६० नंतरच का घेऊ लागला? हेझेल यांच्या लिखाणातलं उत्तर मी वहीत उतरवून ठेवलं आहे, माझ्या भाषेत.

चूकमध्ये कूळ आईकडून चालतं. मूल आईच्या कुळाचं. जमीन, नीरफणसाची झाडं, मासेमारीच्या जागा कुळाच्या. मुलाला वळण लावायचं काम एकट्या बापाचं नव्हतं, त्याहून मोठा अधिकार मामाचा. वयात आलेले मुलगे आईबापांच्या घरात झोपतही नसत, कुळाच्या पुरुषांच्या मोठ्या सभाघरात झोपत. बापाशी बिनसलं तर पोरगा तिथे होताच. मामा होता, आजोबा होते, कुळातले मोठे होते. त्यातला कोणीतरी बापाकडे जाऊन दोन शब्द बोले, पोराकडे येऊन दोन शब्द बोले. रुसव्याला जागा होती आणि समजूत काढायला माणसं होती.

मग पगार आले. पगार कुळाच्या हातात येत नाही, एका माणसाच्या हातात येतो. बाजारातून तांदूळ, डबाबंद मासे आणता येऊ लागल्यावर कुळाच्या एकत्र कष्टांवर आणि एकत्र शिजण्यावर पोट अवलंबून राहिलं नाही. सभाघरं ओस पडली. प्रत्येक बाप आपापल्या घराचा एकटा धनी झाला. मामा राहिला, पण लांब, पाहुण्यासारखा. पोराचं बापाशी बिनसलं की मध्ये कोणीच उरलं नाही. त्याने रुसावं कुठे जाऊन?

मराठीत बेट दोन अर्थांनी येतं. पाण्याने वेढलेलं ते बेट, आणि परसातल्या बांबूचंही बेटच. एका मुळावर उभे राहिलेले पन्नास बांबू, वाऱ्यात एकमेकांवर रेलणारे. चूकमध्ये एका पिढीत दुसऱ्या अर्थाची बेटं मोडून पहिल्या अर्थाची उरली, असं मला ते वाचताना वाटलं. आणि वाचता वाचता मी अंबड, सिडको, सातपूरच्या वन-बीएचके घरांकडे बघू लागलो. खेड्यातला वाडा, चुलते, आजी, शेजारची काकू हे सगळं मागे ठेवून एका पगारावर आलेली ही घरं. त्यांतला बाप, आणि त्यांतला अठरा वर्षांचा मुलगा.

आपल्याकडचे आकडेही तेच बोट दाखवतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीत २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. कारणांच्या यादीत सर्वांत वर 'कौटुंबिक समस्या', जवळजवळ तिसरा हिस्सा. परीक्षेतलं अपयश आणि बेरोजगारी आपण वर्तमानपत्रात वाचतो, ती खाली आहेत. 'कौटुंबिक समस्या' या कोरड्या दोन शब्दांत किती रुसवे असतील, ज्यांची समजूत काढायला कोणी आलं नाही?

चूकमधल्या चर्चने आणखी एक काम केलं, ते बायकांचं. तिथे तरुण पोरं पगाराच्या दिवशी दारू पिऊन रस्त्यावर मारामाऱ्या करत. १९७७-७८ मध्ये मोएन बेटावर, ज्याला आज वेनो म्हणतात, चर्चच्या महिला मंडळांनी मोहीम उघडली. ज्या समाजात पुरुषांच्या सभेत बाईने बोलायचं नाही, तिथे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक बायका एकत्र उभ्या राहिल्या, मतदान घडवून आणलं आणि बेटावर दारूबंदी आणली. चोरटी दारू थांबली नाही, हेही खरं. हे मी आमच्या महिला मंडळात सांगितलं तेव्हा दिंडोरीकडून आलेल्या एक आजी लगेच म्हणाल्या, "म्हणजे आडवी बाटलीच की." आपल्याकडे गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं, त्याची आठवण. सात समुद्रांपलीकडची गोष्ट आजींनी एका वाक्यात गावात आणून ठेवली.

तसं या बेटांशी आमचं जुनं नातंही निघालं. माझ्या आईचं माहेर अहमदनगरचं, अमेरिकन मराठी मिशनमधलं. ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये नगरला आली, त्याच बोर्डाने १८५२ मध्ये मायक्रोनेशियात माणसं धाडली. त्यांच्यासाठी पुढे 'मॉर्निंग स्टार' नावाचं जहाज बांधलं, ते संडे स्कूलच्या मुलांनी दहा-दहा सेंटची वर्गणी काढून. एकाच घरची पत्रं एक नगरला गेलं, एक बेटावर, असं मला वाटलं.

आणि शरणपूर. ज्या जागेच्या ओट्यावर माझा भाचा बसला होता तिचं नाव शरणपूर आहे, हे मी पन्नास वर्षं उच्चारत आलो आणि त्या मे महिन्यात पहिल्यांदा ऐकलं. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम साल्टर प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात, त्यांतली कित्येक इथे आणली. ज्यांचे आईबाप कुठल्या गावी राहिले हे त्यांनाही सांगता येत नव्हतं, अशी पोरं. इथे ती सुतारकाम, लोहारकाम शिकली, लिहावाचायला शिकली. १८६५ साली आफ्रिकेत शोधप्रवास करणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आपल्या शेवटच्या प्रवासासाठी यांतलेच नऊजण निवडले. इथेच शिकलेला जेकब वेनराइट नंतर त्याच्या तुकडीला जाऊन मिळाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला तेव्हा त्याचं काळीज तिथेच पुरलं आणि याच जेकबने दफनाची प्रार्थना वाचली, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याने त्या शवपेटीला खांदा दिला.

१८७४ मध्ये प्राइस स्वतः पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासा बेटाच्या समोरच्या किनाऱ्यावर गेले आणि तिथे सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रियरटाउन वसवलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव त्या गावाला दिलं. गाव उभं केलं ते मात्र इथून गेलेल्या आफ्रिकन तरुणांनी. त्यांना तिथे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. सुतार, शिक्षक, उपदेशक. गोऱ्या मिशनऱ्यांनी त्यांना बरोबरीचं वागवलं नाही, त्याबद्दल त्यांच्या तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. तरीही कुणाचंच उरलेलं नसलेलं पोर आधी या शरणपुरात कुणाचं तरी झालं, आणि मग पलीकडच्या किनाऱ्यावर दुसऱ्या तशाच पोरांना त्याने दार उघडलं. हे या मातीत घडलेलं आहे. कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला थांबलेल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

एवढं सगळं वाचून आम्ही काय केलं? फार नाही. चर्चच्या मागच्या खोलीला ओटा आहे, तो आम्ही शनिवारी संध्याकाळपासून रात्रीपर्यंत उघडा ठेवतो. मी, महिला मंडळातल्या दोघीजणी, आणि एक निवृत्त पोस्टमन. चहा असतो, एका आजींच्या हातचे पोहे असतात. आमचा नियम एकच: आलेल्याला जेवलास का विचारायचं, का आलास विचारायचं नाही. धर्माचं विचारायचं नाही. गल्लीतली सगळ्या जातीधर्मांची पोरं येतात, आणि आजवर कुणाला मी प्रार्थनेला बस म्हटलेलं नाही. कुणी स्वतःहून म्हटलं तर बसतो.

एका समुपदेशक बाईंनी दोन शनिवार येऊन आम्हाला शिकवलं. मला सर्वांत जड गेलेली गोष्ट म्हणजे सरळ विचारणं. पोरगं फार गप्प झालं, आपल्या वस्तू वाटून टाकू लागलं, 'माझ्यामुळेच सगळा त्रास आहे' असं बोलू लागलं, तर आडवळणाने न जाता विचारायचं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. असलेला विचार बाहेर यायला वाट मिळते. आणि हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांपर्यंत आपण सोबत जायचं. १४४१६ हा सरकारच्या टेली मानसचा मोफत क्रमांक आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवला आहे. तिथे मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री केव्हाही.

मंडळीतले काही वडीलधारे सुरुवातीला नाराज होते. पोहे खायला पोरं जमवणं हे देवाचं काम कसं, असा त्यांचा सवाल. त्यांना मी बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायाकडे नेलं. उधळ्या पुत्राची गोष्ट. आपण उपदेश करतो तो धाकट्यावर, जो पैसे उधळून परत आला आणि ज्याच्यासाठी बापाने मेजवानी दिली. थोरला राहून जातो. तो शेतातून येतो, घरात वाजंत्री ऐकतो, रागावतो आणि आत जात नाही. म्हणजे रुसतो. बाहेर अंगणात उभा राहतो. मग बाप पाहुणे टाकून, मेजवानी टाकून बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला आमचा मुलगा मला त्या थोरल्याजागी दिसतो. आत गीत चाललं होतं, तो बाहेर होता, आणि आमच्यातलं कोणी बाहेर गेलं नाही. मी गेलो नाही. हे मी त्या सभेत बोललो तेव्हा कोणी काही म्हटलं नाही. पुढच्या शनिवारी त्यांतले एकजण साखरेची पिशवी घेऊन ओट्यावर आले.

भाचा माझ्याकडे चार दिवस राहिला. पहिले दोन दिवस मी शाळेतून येईपर्यंत तो झोपलेला असे. तिसऱ्या दिवशी त्याने परसातल्या नळाचा वायसर बदलला. वर्षभर ठिबकत होता तो. फिटरचा मुलगा आहे. त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं, सरळ, शिकवल्याप्रमाणे. माझा घसा कोरडा पडला होता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "एकदा वाटलं होतं, मामा. म्हणून इकडे आलो." मग रडला. मीही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाऊन आलो. ताईला मी सगळं सांगितलं, त्याच्यासमोरच, त्याला विचारून. दाजींना ताईने सांगितलं.

त्याच रात्री दहाच्या सुमारास फाटकाशी स्कूटर थांबली. दाजी उतरले. हेल्मेट काढलं, पण आत येईनात. पोरगा ओट्यावर होता, त्याने मान वर केली नाही. दाजींनी खिशातून काहीतरी काढलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "याचा चार्जर घरीच राहिला होता."

ते फाटक उघडून चार पावलं आत आले. चार्जर ओट्यावर ठेवला. मग जायचं सोडून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकले. दोघांच्या मध्ये हातभर जागा आणि तो चार्जर.

मी चहा ठेवायला आत गेलो. गॅस बारीक केला आणि दूध उतू जाणार नाही एवढ्या मंद आचेवर बराच वेळ तसंच ठेवलं.